कुकीच्या पट्टीआड राहिलेल्या याद्या

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या महाविद्यालयांच्या, पतसंस्थांच्या, दवाखान्यांच्या आणि स्थानिक बातम्यांच्या वेबसाइट सांभाळण्याच्या कामात सध्या एक प्रश्न सतत येतो. नवा कायदा आलाय म्हणतात, मग आपल्याही साइटवर ती कुकीची पट्टी टाकून द्यायची का? पट्टी टाकणं अवघड नाही. वर्डप्रेसचं एखादं फुकट प्लगइन घेतलं की साइट उघडल्याबरोबर खाली दोन वाक्यं आणि एक ‘ॲक्सेप्ट’चं बटण दिसायला लागतं, आणि अध्यक्षांपासून लिपिकापर्यंत सगळ्यांना आपण नियमात बसलो असं वाटतं. माझं म्हणणं असं, की एवढ्याने नियम पाळला जात नाही. शिवाय आपल्या भागातल्या साइटवर लोकांच्या खाजगीपणाला जो खरा धोका आहे, तो या पट्टीच्या आसपासही नसतो. तो अपलोडच्या फोल्डरमध्ये पडून असतो, वर्षानुवर्षं चढवत गेलेल्या पीडीएफ आणि एक्सेलच्या याद्यांमध्ये.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. या कायद्यात कुकीसाठी वेगळं कलम नाही. ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने एखादी व्यक्ती ओळखता येते ती सगळी वैयक्तिक माहिती, एवढी सरळ व्याख्या आहे. त्यामुळे माणसाला ओळखू शकणारी कुकी तिच्यात येते, चौकशी-फॉर्ममधला मोबाइल नंबर येतो आणि प्रवेशाची यादीही येते. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता यायला हवी. जबाबदारी कोणाची, हेही कायद्याने ठरवून टाकलं आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तिची. साइट करून देणारा किंवा होस्टिंग देणारा तिच्या वतीने काम करतो. त्याच्या चुकीचं उत्तरही संस्थेलाच द्यावं लागतं. माहितीच्या सुरक्षिततेसाठी पुरेशी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थेला एवढा दंड कोणी करणार नाही हे उघड आहे, पण आकड्यावरून कायद्याने कशाला किती वजन दिलंय ते कळतं. सर्वात मोठा आकडा सुरक्षिततेपुढे लिहिला आहे, पट्टीपुढे नाही.

पट्टी मुळात युरोपातून आली. कुकी १९९४ मध्ये नेटस्केप ब्राउझरसाठी तयार झाली, तेव्हा तिचं काम साधं होतं: एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे हे साइटला लक्षात राहावं. लॉगिन केल्यावर दर पानाला पासवर्ड विचारला जात नाही तो हिच्यामुळे, आणि अशा गरजेच्या कुकीबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती साइटच्या मालकाची नसलेली, गुगलची किंवा फेसबुकची कुकी त्याच पानावरून वाचकाच्या फोनमध्ये शिरते त्याबद्दल. युरोपाने तिला संमतीची अट घातली, आणि कंपन्यांनी ती अट पट्टीत गुंडाळून टाकली. मग न्यायालयांना आणि नियामकांना पट्टीचाच निवाडा करावा लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नाही असं सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, कारण ‘होय’ म्हणायला एक टिचकी पुरत होती आणि ‘नाही’ म्हणायला अनेक. आपल्याकडची फुकट प्लगइनं याच वादातून उरलेला माल आहे. त्यातल्या कित्येकांत ‘नको’ हे बटणच नसतं, आणि जिथे असतं तिथे ते दाबल्याने काहीही थांबत नाही.

हे कोणालाही तपासता येतं. संगणकावर क्रोम ब्राउझर खाजगी खिडकीत उघडा, आपल्या संस्थेची साइट उघडा, पट्टीला हात लावू नका. एफ-१२ दाबा, वरच्या ओळीत ‘ॲप्लिकेशन’ निवडा आणि डावीकडे ‘कुकीज’ या नावावर टिचकी मारा. तिथे ‘जीए’ अक्षरं असलेली ओळ दिसली तर गुगल ॲनालिटिक्स सुरू झालेलं आहे, आणि तिची मुदत पाहिली तर वर्षाहून जास्त काळाची निघेल. ‘एफबीपी’ दिसली तर फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे वाचकाचा माग काढणारा छोटा कोड, चालू आहे. तिची मुदत तीन महिने. वाचकाने अजून होय म्हटलेलं नाही आणि नोंद सुरू झालेली आहे. शेजारच्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये आणखी एक गोष्ट सापडते. मराठी साइटवर मुक्ता किंवा बालू हे सुंदर देवनागरी फॉन्ट पुष्कळदा असतात, आणि थीम ते गुगलच्या सर्व्हरवरून मागवते. म्हणजे परळीतला वाचक बातमी उघडतो तेव्हा त्याच्या जोडणीचा आयपी पत्ता गुगलपर्यंत जाऊन येतो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी एका साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. फाइल उतरवून आपल्याच होस्टिंगवर ठेवली की काम झालं, वर पानही लवकर उघडतं.

म्हणून माझ्या मते कामाचा क्रम उलटा हवा. संमती कशी मागायची हे ठरवण्याआधी, साइटवर चालणाऱ्या प्रत्येक परक्या गोष्टीला विचारायचं, की तू इथे का आहेस? महाविद्यालयाच्या साइटवरचा पिक्सेल बहुधा कोणे एके काळी प्रवेशाच्या जाहिरातीसाठी घातलेला असतो. जाहिरात संपली, पिक्सेल राहिला. स्नेहसंमेलनाचा यूट्यूब व्हिडिओ पानात बसवण्याऐवजी चित्र ठेवून त्यावर दुवा दिला तर ज्याला पाहायचंय तोच यूट्यूबकडे जातो. महिन्याला किती लोक आले एवढंच हवं असेल तर होस्टिंगच्या नोंदी पुरतात, किंवा मॅटोमोसारखं साधन आपल्याच सर्व्हरवर कुकीविना चालवता येतं. एवढी झाडलोट केल्यावर बहुतेक साइटवर गरजेच्या कुकीच उरतात, आणि मग पट्टीचं प्रयोजनच उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र ही झाडलोट तातडीची आहे. एक म्हणजे दवाखाने. स्त्रीरोग विभागाच्या किंवा वंध्यत्व उपचाराच्या पानावर पिक्सेल असेल तर कोणत्या फोनवरून ते पान उघडलं गेलं हे जाहिरात कंपनीला कळतं. अमेरिकेत गुडआरएक्स या औषधसेवेला ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक आणि गुगलकडे गेल्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण फोन एका माणसाचा नसतो. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोमागे, बऱ्याचदा एकच स्मार्टफोन असतो. तोच मुलं वापरतात, तोच सासू-सासरे. बाईने दुपारी पाहिलेल्या उपचाराची जाहिरात संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे येणं, हा तिच्यासाठी मोठा धोका असू शकतो. दुसरं ठिकाण शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि नीट-जेईईचे क्लास. कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल आहे. तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि तिचा माग काढणं, तिला लक्ष्य करून जाहिरात दाखवणं याला मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत सवलत आहे, पण ती शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. अकरावीच्या मुलाने क्लासची फी पाहिली म्हणून पुढचा महिनाभर त्याच्या मागे जाहिरात लावणं त्या सवलतीत बसत नाही.

आणि जिथे संमती खरंच मागावी लागते, तिथे ती कोणाकडून मागतोय याचा विचार हवा. कायद्याने सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितली आहे. मराठी त्यात आहेच. तरीही मराठी साइटवर इंग्रजी पट्टी असते, कारण प्लगइनमध्ये ती तयार मिळते. गोपनीयता धोरणाचं पान तर अनेकदा सरकारी साइटवरून शब्दशः उचललेलं असतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवर चालणाऱ्या सरकारी साइटवर असा एक ठरलेला मजकूर असतो, की आम्ही आपोआप कोणतीही विशिष्ट वैयक्तिक माहिती घेत नाही. तो त्या साइटपुरता लिहिलेला आहे. खाली पिक्सेल आणि ॲनालिटिक्स चालू असताना खाजगी संस्थेने तोच मजकूर लावला, तर ते लेखी खोटं ठरतं. चार वाक्यांचं मराठी पान पुरेसं आहे: आम्ही तुमचं नाव आणि मोबाइल चौकशीला उत्तर देण्यासाठी घेतो, प्रवेश संपल्यावर पुसतो, कोणाला देत नाही, पुसून हवं असेल तर या नंबरवर सांगा. मात्र त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असायला हवं, आणि ते खरं ठेवायचं तर चौकशी-फॉर्मच्या जुन्या नोंदी डेटाबेसमधून खरोखरच पुसाव्या लागतील.

आता याद्यांकडे येऊ. महाविद्यालयाच्या साइटवर नॅकच्या मूल्यांकनासाठी पुरावे ठेवावे लागतात, अहवालात त्यांचे दुवे द्यावे लागतात. त्या गडबडीत मूळ एक्सेल जशीच्या तशी चढते. ती उघडली की पहिल्या पानावर नाव, वर्ग, प्रवर्ग. उजवीकडे सरकत गेलं की मोबाइल, ईमेल, जन्मतारीख. शिष्यवृत्तीची असेल तर बँक खातं. आणि काही फाइलींत लपवून ठेवलेला रकाना, जो उजव्या टिचकीने ‘अनहाइड’ केला की आधार क्रमांक दाखवतो. कार्यालयात छापून घेताना रकाना दिसत नाही म्हणून तो नाही असं समजलं जातं. आधार कायद्याचं कलम २९ आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करायला मनाई करतं, आणि हा कायदा २०१६ चा आहे, त्यासाठी मे २०२७ ची वाट पाहायची नाही. असं लहान संस्थांतच घडतं असंही नाही. २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने चार सरकारी पोर्टलांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड्यावर असू शकतात असा अहवाल दिला होता. तिथे कोणी काही फोडलं नव्हतं. माहिती कामाचा भाग म्हणून, नेहमीच्या शिस्तीत प्रसिद्ध झाली होती. आपल्याकडेही तसंच होतं. ज्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जातीवरून एवढा ताण वाढला, तिथे नाव, गाव, प्रवर्ग आणि मोबाइल एका ओळीत देणारी यादी शोधयंत्रात सापडणं किती जोखमीचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

यावर सर्वात वजनदार आक्षेप पारदर्शकतेचा आहे, आणि तो मला मनापासून पटणाऱ्या बाजूकडून येतो. ज्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि ज्या जिल्ह्यात पीक विमा, अनुदान, घरकुल यांवर गावंच्या गावं डोळे लावून बसतात, तिथे याद्या उघड असल्यामुळेच बोगस नावं सापडतात. मजुरांची मस्टर्स पाहता आली म्हणून मेलेल्या माणसाच्या नावावर उचललेली मजुरी लोकांच्या लक्षात येते. खाजगीपणाच्या नावाखाली हे झाकलं तर फायदा चोरांचाच. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) या नव्या कायद्याने ज्या रीतीने बदललं, ते म्हणूनच मला चुकीचं वाटतं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत होती आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागत होती. आता त्या कलमात ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण उरलं आहे. कलम ८(२) मधली जनहिताची वाट अजून शिल्लक आहे, पण ती मागणाऱ्याला झगडून मिळवावी लागेल. अधिकाऱ्याला आडोसा म्हणून खाजगीपणा वापरला जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

पण याच जिल्ह्याचा अनुभव हेही दाखवतो, की उघडेपणाला प्रत्येक रकाना लागत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. या आकड्याने सगळ्यांना हादरवलं, खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. यासाठी पाहणीतल्या बायांच्या नावांची यादी जाहीर करावी लागली नाही. नावं चढवली असती तर त्या बायांचं गावात काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. उलट बाजूचं उदाहरण कुणबी नोंदींचं. २०२३ च्या शेवटी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून मराठवाड्यातली जुनी कागदपत्रं, मोडी आणि उर्दूतल्या नोंदी शोधून त्या लोकांना पाहता येतील अशा ऑनलाइन ठेवण्याचं काम सुरू झालं. तिथे नावच महत्त्वाचं होतं. पणजोबाचं नाव दिसल्याशिवाय दाखला निघणार नव्हता. नाव लागतं तिथे नाव द्यावं. पण रोजगार हमीच्या मस्टरला मजुराचं नाव, गाव, दिवस आणि रक्कम लागते; त्याचा खाते क्रमांक आणि मोबाइल तपासणीला कामाचा नसतो. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत २०२० मध्ये प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक दिला होता आणि आधारची खातरजमा आपले सरकार केंद्रातल्या यंत्रावर होत होती. असा क्रमांक असला की यादीत आधार छापण्याचं कारण उरत नाही. शिवाय कायद्याने जे प्रसिद्ध करायलाच सांगितलं आहे त्याला हा नवा कायदा लागू नाही, त्यामुळे ‘कायद्यामुळे यादी देता येत नाही’ ही सबबही खरी नाही.

चावडीवर लावलेली यादी गावातली माणसं पाहतात, ज्याला हरकत घ्यायची तो घेतो, पंधरा दिवसांत कागद फाटून जातो. तीच यादी साइटवर चढली की पुण्यात बसलेला कर्जवसुलीवाला, फसवणुकीचा फोन करणारा, लग्नासाठी मुलीचा माग काढणारा, सगळ्यांना ती एका नावाच्या शोधात सापडते, आणि दहा वर्षांनीही सापडते. जुन्या सवयीने आपण चावडीचा न्याय साइटला लावतो, म्हणून हा प्रश्न डोळ्याआड राहतो.

लोकांनाच याची पर्वा नाही, ते कुठेही आधारची झेरॉक्स देतात, असं संस्थांमधून ऐकायला मिळतं. ते देतात, कारण न दिल्यास काम अडतं. विम्याचा अर्ज, लाडकी बहीणची केवायसी, फार्मर आयडी, मुलीचा प्रवेश, यातल्या कोणत्या खिडकीवर नाही म्हणण्याची सोय आहे? सेतू केंद्रात रांगेत उभ्या माणसाच्या नाइलाजाला बेपर्वाई म्हणणं अन्यायाचं आहे. तोच माणूस बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या अनोळखी फोनवर स्वतःच्या मुलाचं नाव आणि कॉलेज ऐकतो तेव्हा किती घाबरतो ते पाहिलं, की पर्वा आहे का हा प्रश्न मिटतो.

बातम्यांच्या लहान पोर्टलांची अडचण मात्र खरी आहे. त्यांची थोडीफार कमाई ॲडसेन्सवर चालते, आणि वाचकाचा माग न काढणाऱ्या जाहिराती निवडल्या तर ती घटते. हा तोटा मी नाकारत नाही. त्यावर स्थानिक दुकानदाराची थेट, पानावर चित्र म्हणून लावलेली जाहिरात हाच मला टिकाऊ मार्ग दिसतो, आणि तो सगळ्यांना जमेल असं नाही. बाकीच्या संस्थांचा खर्चाचा मुद्दा तेवढा टिकत नाही. पिक्सेल काढायला, फॉन्ट उतरवायला, एक्सेलचे चार रकाने पुसून पीडीएफ करायला पैसे लागत नाहीत. लागतो तो कोणाच्या तरी कामाच्या यादीतला वेळ. म्हणून वार्षिक देखभालीच्या करारातच हे लिहून घ्यावं: नवी फाइल कोणी पाहिल्याशिवाय चढणार नाही, फॉर्मच्या नोंदी कधी पुसायच्या, माहिती बाहेर गेल्याचं लक्षात आलं तर साइटवाल्याने संस्थेला त्याच दिवशी कळवायचं, कारण पुढे संस्थेला ७२ तासांच्या आत या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाकडे सविस्तर माहिती द्यायची आहे. करार संपला की होस्टिंगचे पासवर्ड संस्थेच्या हातात परत आले पाहिजेत, हेही त्यातच यावं.

जुन्या फाइलींचं काम सर्वात कंटाळवाणं आहे आणि तेच आधी हाती घ्यायला हवं. पानावरचा दुवा काढला म्हणजे फाइल गेली असं होत नाही. ती अपलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते आणि शोधयंत्र तिला तिथून दाखवत राहतं. गुगलमध्ये ‘site:’ला जोडून आपला डोमेन आणि ‘filetype:’ला जोडून एक्सेलचं विस्तारनाम अशी ओळ टाकली, की साइटवरच्या किती फाइली बाहेर दिसतात ते कळतं. त्यांतली एकेक उघडून पाहायची, नको ती सर्व्हरवरून पुसायची, अहवालासाठी हवी असेल तिची रकाने काढलेली प्रत त्याच नावाने त्याच जागी ठेवायची म्हणजे दुवा तुटत नाही. मग सर्च कन्सोलमधून जुनी नोंद काढण्याची विनंती करायची आणि दोन आठवड्यांनी तोच शोध पुन्हा घ्यायचा.